कर्ज राजाचं, तारण शिवाराचं

गटातून कर्ज देताना आपण तीन गोष्टी विचारतो. पैसा कशाला हवा? फेडणार कोण? तारण काय? आज आम्ही हेच प्रश्न एका जुन्या कर्जाला विचारणार आहोत. ते कर्ज बाईमाणसाचं नव्हतं, राज्याचं होतं.

आपल्या वर्धा नदीपलीकडचं वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे होतं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज निजामाला पोसावी लागे. तिचा पगार थकला, कंपनी सरकारने तो उसना दिला, आणि कर्ज चढत गेलं. अखेर १८५३ साली तह झाला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. शेतात राबणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही.

१८६० साली इंग्रजांनी पन्नास लाखांचं कर्ज माफ केलं. धाराशिव, रायचूर परत दिलं. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. का? काळी जमीन आणि कापूस! पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडे वळली.

नदीच्या अलीकडे, आपल्याकडे, असं कर्ज नव्हतं. भोसल्यांना वारस नाही म्हणून १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं होतं. पण कापसाने दोन्ही काठ सारखेच व्यापले. १८६७ साली रेल्वे पुलगाव, वर्धा करत नागपूरला पोचली. रुळांखालच्या लाकडासाठी आणि सरपणासाठी रानं तुटली. गुरं चरायची पडीत जमीन नांगराखाली आली. मग १८९९ साली पाऊस गेला. ना धान्य, ना चारा. माणसं मेली, गोठे रिकामे झाले.

तरी वऱ्हाड सुटलं नाही. १९०२ साली इंग्रजांनी ते वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं.

बायांनो, आजही सरकार कर्ज काढतं. धरणं, रस्ते त्यातून होतात, ते आपल्यालाही हवेत. पण गावात असं काम आलं की ग्रामसभेत आपण उठून विचारू: पैसा कशाला, फेडणार कोण, आणि आमचं गायरान, आमचा नाला तर तारण नाही ना? कर्ज एका सहीने माफ होतं. तुटलेलं रान सहीने उगवत नाही.