अकस्मात् थांबणारें यंत्र

गेल्या मे महिन्यांत नागपुरास आमच्या एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलों होतों. त्यांचा मुलगा महाविद्यालयाचा प्रबंध लॅपटॉपवर लिहीत बसला होता. शेवटचें प्रकरण हातीं होतें. दुपारचे तीन वाजले असतील. एकाएकीं पडदा काळा झाला. ना सूचना, ना आवाज. कळ दाबली तेव्हां यंत्र निमूटपणें पुन्हां सुरू झालें, आणि पाव तासानें त्यानें पुन्हां मान टाकली. चार वेळां असें झाल्यावर घरांत वैद्यांची सभा भरली. वडिलांच्या मतें व्हायरस शिरला होता. थोरल्या बंधूंच्या मतें यंत्राचें आयुष्य सरलें होतें, तें मोडींत काढून नवें आणावें. शेजारचे काका विजेच्या चढउतारास दोष देत होते. मुलगा बिचारा लिहिलेलीं किती पानें गेलीं तें मोजीत होता.

आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलें. तिन्ही मतांच्या मुळाशीं एकच समजूत होती, कीं यंत्र थांबलें म्हणजे कोठें तरी घात झाला. ही समजूत संगणकाच्या बाल्यांत खरी होती. आज ती पुष्कळदां खोटी ठरते. कारण आजचा संगणक अनेकदां मोडण्यापूर्वींच, मोडूं नये म्हणून, आपणच आपली वीज तोडतो. हा स्वसंरक्षणाचा धर्म त्याच्या अंगीं कसा आला, आणि तो आल्यानें दोष शोधणाराचें काम हलकें झालें कीं जड, हें पाहण्यासारखें आहे.

ही हकीकत अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं सुरू होते. तेथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्यें जॉन मॉक्ली व प्रेस्पर एकर्ट ह्या दोघांनीं तोफगोळ्यांच्या मार्गाचीं गणितें करण्यासाठीं 'एनिअ‍ॅक' नांवाचा संगणक बांधला, आणि १९४६ च्या फेब्रुवारींत तो जगापुढें मांडला. वजन सुमारें ३० टन, विजेचा खप सुमारें १५० किलोवॅट, आणि पोटांत जवळजवळ १८,००० व्हॉल्व्ह. ज्यांच्या घरीं एके काळीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांस ह्या आंकड्याचा अर्थ सांगावयास नको. चारपांच व्हॉल्व्हांपैकीं एक गेला तरी सारा रेडिओ मुका होई. येथें तर अठरा हजार! एक गणित तडीस जाईपर्यंत तरी हें यंत्र शाबूत राहील काय, अशी शंका जाणत्यांस येत होती. एकर्टनें त्यावर जो उपाय योजिला तो आपल्याकडील कोणाहि समंजस शेतकऱ्यास पटेल. बैल टिकावयाचा तर त्याच्या अंगच्या बळापेक्षां बेताचेंच ओझें त्यावर घालावें. तसा प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या ऐपतीहून कमी दाबावर चालवावयाचा. शिवाय असें दिसून आलें, कीं व्हॉल्व्ह जातात ते मुख्यतः तापतांना आणि निवतांना. म्हणून यंत्र शक्य तों बंदच करावयाचें नाहीं. अशा काळजीनें बिघाडाचें प्रमाण दोन दिवसांस सुमारें एक व्हॉल्व्ह इतकें खालीं आलें. एकहि बिघाड न होतां हें यंत्र सर्वांत अधिक काळ चाललें तें १९५४ सालीं, ११६ तास. म्हणजे पुरते पांच दिवसहि नव्हेत.

आमच्या विषयाचें बीज ह्याच यंत्रांत सांपडतें. त्याच्या कपाटांतून हवा खेळविण्यासाठीं पंखे होते, आणि आंतली उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर वीज तोडणारी कळहि होती. म्हणजे तापलें कीं आपण होऊन थांबावें, ही विद्या संगणकास जन्मतःच शिकविलेली होती. भेद इतकाच, कीं तेथें थांबण्याचें कारण समोर दिसे. एनिअ‍ॅकच्या दर्शनीं भागावर लहान लहान दिव्यांच्या रांगा होत्या. कोणता आंकडा कोठें साठला आहे तें त्यांवरून वाचतां येई, आणि यंत्र एकेक पाऊल थांबवीत चालवितांहि येई. त्यावर गणितें मांडण्याचें काम ज्या सहा तरुण स्त्रियांकडे होतें, त्यांतील बेटी जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर ह्यांनीं यंत्राच्या आकृत्या इतक्या बारकाईनें अभ्यासिल्या होत्या, कीं दोष कोणत्या व्हॉल्व्हांत आहे हें त्या जवळजवळ नेमकें सांगूं शकत. गणित मांडणारीनेंच नाडी पाहावी, असा तो योग होता. पुढें हीं दोन्ही कामें वेगळीं पडलीं, आणि आमच्या मतें ती हानीच झाली.

१९४७ च्या सप्टेंबरांत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क-२' ह्या यंत्रांत एक पतंग अडकून सांपडला आणि तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला, ही गोष्ट अनेकांनीं ऐकली असेल. यंत्रदोषास 'बग' म्हणण्याची चाल मात्र त्या पतंगापासून पडली नाहीं. एडिसनच्या पत्रव्यवहारांत ती एकोणिसाव्या शतकांतच आढळते. आम्हांस त्या नोंदवहींतला गमतीपेक्षां नेमकेपणा अधिक मोलाचा वाटतो: बिघाडाची वेळ, जागा आणि कारण, तिन्ही तेथें नोंदलेलीं आहेत.

ह्याच सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेंत जे फॉरेस्टर ह्यांच्या देखरेखीखालीं 'व्हर्लविंड' हा संगणक तयार होत होता. तेथें दोष होण्याची वाट न पाहतां तो आधींच उघडकीस आणण्याची युक्ति निघाली. व्हॉल्व्ह सहसा एका क्षणांत मरत नाहीं. तो आधीं अशक्त होतो. तेव्हां काम नसेल अशा वेळीं यंत्राचा दाब मुद्दाम थोडा वरखालीं करावयाचा. धडधाकट व्हॉल्व्ह तो ताण सोसतात, अशक्त असतील ते तेथेंच चुकतात. ते निवडून बदलावयाचे. आज दुरुस्तीच्या दुकानांत कारागीर लॅपटॉपवर तासभर जड गणित चालवून तो केव्हां थांबतो तें पाहतो, त्याचें कूळ येथें आहे. आमच्या मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कामास लागलेला, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं ज्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें, तो संगणकहि व्हॉल्व्हांचाच होता. सुमारें २,७०० व्हॉल्व्ह त्यांत होते.

पुढें व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, आणि ट्रान्झिस्टर लक्षावधींच्या संख्येनें नखाएवढ्या चकतीवर बसूं लागले. विजेचा खप उतरला, पण उरलेली उष्णता एका टिचभर जागीं एकवटली. मोठ्या खोलींत पसरलेली धग चुलीच्या तोंडाशीं आणावी तसें झालें. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'पेंटियम प्रो' ह्या प्रोसेसरच्या पोटांतच उष्णता मापण्याची आणि ती अति झाल्यास काम थांबविण्याची सोय केली. १९९६ च्या डिसेंबरांत इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्यांनीं मिळून विजेच्या व उष्णतेच्या व्यवस्थेचे नियम प्रसिद्ध केले. धोक्याची सीमा गांठली कीं कार्यप्रणालीनें स्वतः यंत्र बंद करावें, अशी तजवीज त्यांत होती.

अशा तजविजीवांचून काय होतें, तें २००१ च्या सप्टेंबरांत सर्वांस दिसलें. 'टॉम्स हार्डवेअर' ह्या परीक्षणपत्रानें चालू संगणकांच्या प्रोसेसरवरील उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे उचलून काढले आणि त्याचें चित्रण प्रसिद्ध केलें. पेंटियम ४ मंद झाला, पण चालत राहिला. पेंटियम ३ जागच्या जागीं गोठला. एएमडी कंपनीचे दोन अ‍ॅथलॉन मात्र पाहतां पाहतां धूर सोडून जळाले. लोकांनीं वाहवा केली ती पेंटियम ४ ची. आमचें मत पेंटियम ३ च्या बाजूनें पडतें: त्यानें काम टाकलें, पण जीव वांचविला, आणि धन्यास त्याचा थांबण्यांतला अर्थ शोधावयास लावलें.

लॅपटॉपांत ही सर्व व्यवस्था दोन बोटें जाडीच्या पेटींत कोंबलेली असते. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा लेप, त्यावर तांब्याची चपटी नळी, नळीच्या टोकाशीं पत्र्याच्या अति बारीक पाकळ्या, आणि त्यांवर वारा घालणारा चिमुकला पंखा. लेप वर्षांनुवर्षें वाळत जातो, पाकळ्यांत धूळ बसते, आणि यंत्र गादीवर किंवा गोधडीवर ठेवलें म्हणजे खालचीं छिद्रेंच बुजतात. प्रोसेसर सुमारें १०० अंश सेल्सियसपाशीं आपला वेग कमी करतो. त्यानेंहि भागलें नाहीं तर वीज तुटते. पुष्कळ लॅपटॉपांच्या माहितीपत्रकांत भोंवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. विदर्भांतल्या मे महिन्यास ती कोणीं वाचून दाखवावी?

कधीं कधीं दोष धन्याकडे नसून कारखान्यांत असतो. २००८ च्या जुलैंत एन्व्हिडिया कंपनीनें लॅपटॉपांतील आपल्या चित्रप्रोसेसरांच्या जोडणींतील सदोष द्रव्यापायीं १५ ते २० कोटि डॉलर बाजूस काढीत असल्याचें जाहीर केलें. वारंवार तापण्यानिवण्यानें ती जोडणी तडकत असे. एनिअ‍ॅकच्या व्हॉल्व्हांचेंच तें दुखणें, साठ वर्षांनीं परतलेलें. डेल व एचपी ह्यांनीं आपल्या यंत्रांचा पंखा अधिक वेळ फिरावा अशी सुधारणा धाडली. आणि व्हायरसाचा संशयहि सर्वस्वीं निराधार नव्हता: २००३ च्या ऑगस्टांत 'ब्लास्टर' नांवाचा कृमि विंडोजमध्यें शिरला कीं साठ सेकंदांची उलटी मोजणी पडद्यावर दिसे आणि संगणक बंद होऊन पुन्हां सुरू होई. पण तो निदान सांगून थांबत होता.

राहिली बॅटरी. सोनी कंपनीनें १९९१ सालीं लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली, आणि लॅपटॉपास खरें स्वातंत्र्य मिळालें. २००६ सालीं ह्याच कंपनीच्या बॅटऱ्यांत धातूचे सूक्ष्म कण राहिल्यानें आगीचें भय उत्पन्न झालें. डेलनें ४१ लक्ष व अ‍ॅपलनें १८ लक्ष बॅटऱ्या परत मागविल्या. पण अकस्मात् थांबण्याचें कारण आगीहून पुष्कळ साधें आहे. बॅटरी म्हातारी होते तसा तिच्या आंतला रोध वाढतो. पडद्यावर ३० टक्के शिल्लक दिसत असते; इतक्यांत एखादें जड काम येतें, जास्त वीज ओढली जाते, दाब खालीं घसरतो, आणि रक्षक मंडल वीज तोडतें. घागरींत पाणी आहे, पण तोटी गाळानें भरली आहे, अशी ती स्थिति. अ‍ॅपलच्या आयफोनांत हेंच झालें. २०१७ च्या आरंभीं कंपनीनें अशा फोनांचा वेग गुपचूप कमी करून थांबणें टाळलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तें बाहेर फुटलें, कंपनीस क्षमा मागावी लागली, आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ वर आणावा लागला. औषध योग्य होतें. रोग्यास न सांगतां दिलें, हा अपराध.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. विंडोज ७ पासून यंत्राच्या नोंदवहींत अशा प्रसंगीं ४१ क्रमांकाची नोंद उमटते. तिचा आशय एवढाच, कीं मागल्या खेपेस यंत्र रीतसर बंद न होतां थांबलें. बेवारस प्रेताच्या पंचनाम्यासारखी ती आहे. मृत्यु नोंदला, कारण रिकामें. आणि तें रिकामें राहणें अपरिहार्य आहे, कारण वीज तुटतांच स्मृति पुसली जाते. लिहावयास हातच उरत नाहीं. एनिअ‍ॅकच्या दिव्यांवर जें वाचतां येई, तें आज कोठेंहि दिसत नाहीं. म्हणून दोष शोधणारास साक्ष काढावी लागते ती परिस्थितीची.

नागपुरास आम्ही तेंच केलें. चार्जर काढून केवळ बॅटरीवर चालविलें, तरी थांबलें. चार्जर लावला, तरी थांबलें. म्हणून काकांच्या मताचा जोर ओसरला. पेटी हलविली, चार्जरची तार खालींवर केली, पण त्यानें कांहींच झालें नाहीं. म्हणजे सांधा ढिला नव्हता. पहांटे पांच वाजतां सुरू केलें, तेव्हां यंत्र दोन तास बिनतक्रार चाललें. दुपारीं पंख्याच्या भोंकाशीं हात धरला. पेटी कढत होती, पण बाहेर येणारा वारा जवळजवळ नव्हताच.

संध्याकाळीं सीताबर्डीवरच्या एका कारागिरानें खालचें झांकण उघडलें. पंख्याच्या आणि पाकळ्यांच्या मध्यें धुळीची करड्या रंगाची जाड गादी बसली होती. नमद्यासारखी ती अखंड निघाली. त्यानें ती चिमट्यानें उचलून टेबलावर ठेवली, वाळलेला लेप पुसून नवा लावला आणि झांकण बसविलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तीन वाजतां मुलगा शेवटचें प्रकरण लिहीत होता, आणि वडील ती धुळीची गादी कागदांत गुंडाळून आल्यागेल्यास दाखवीत होते.