जोनची जबानी

इ. स. १४३१ मधल्या फेब्रुवारीची २१ तारीख. उत्तर फ्रान्समधलं रुआँ शहर तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात आहे. तिथल्या किल्ल्यात एक धर्मन्यायालय भरलं आहे. चाळीसच्या वर विद्वान मंडळी जमली आहेत. त्यांत मठाधिपती आहेत, धर्मशास्त्री आहेत, कायद्याचे जाणकार आहेत. त्यांच्यासमोर एक मुलगी आहे. वय सुमारे एकोणीस. तिला वाचता येत नाही. तिची बाजू मांडायला वकील नाही. न्यायालयातून ती परत जाते ती कोठडीत, आणि तिथे तिच्या पायांत बेड्या असतात, पहाऱ्याला शत्रूचे शिपाई असतात. ही मुलगी म्हणजे जोन ऑफ आर्क.

जोनवर सिनेमाच्या अगदी बाल्यावस्थेपासून चित्रपट निघत आले. फ्रान्समध्ये मेलिएसने १९०० मध्ये एक केला. हॉलिवूडमध्ये १९४८ साली इन्ग्रिड बर्गमन जोन झाली, १९९९ मध्ये ल्युक बेसाँच्या चित्रपटात मिला जोवोविच झाली. चिलखत घातलेली, घोड्यावर बसलेली, हाती निशाण घेतलेली कोवळी मुलगी, ही प्रतिमाच अशी आहे की दिग्दर्शकाला मोह पडावा. पण या सगळ्यांत ज्याचं नाव आजही पहिल्यांदा घेतलं जातं, त्या चित्रपटात एकही लढाई नाही. डेन्मार्कचा दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर याने फ्रान्समध्ये जाऊन केलेला 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' हा मूकपट १९२८ साली पडद्यावर आला. तो सुरू होतो एका जुन्या हस्तलिखिताची पानं उलटणाऱ्या हाताने. ते हस्तलिखित म्हणजे जोनवरच्या खटल्याचा रोजनामा.

ड्रायरने लढाया सोडून रोजनामा का घेतला, हे समजण्यासाठी आधी थोडा इतिहास पाहू.

फ्रान्सच्या गादीवर इंग्लंडच्या राजाने हक्क सांगितला आणि १३३७ मध्ये युद्ध पेटलं. थांबत, पुन्हा पेटत ते १४५३ पर्यंत चाललं, म्हणून त्याला शतवार्षिक युद्ध म्हणतात. १४२० च्या त्र्वाच्या तहाने फ्रान्सच्या राजाने स्वतःच्या मुलाला, युवराज चार्ल्सला, बाजूला सारून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला वारस नेमलं. दोनच वर्षांनी हे दोन्ही राजे वारले. मागे राहिले दोन दावेदार. एक होता इंग्लंडचा वर्षही न भरलेला बाळराजा आणि दुसरा हा हक्क गमावलेला युवराज. फ्रान्सचा बर्गंडी घराण्याचा मोठा सरदारगट इंग्रजांच्या बाजूने होता. म्हणजे हे युद्ध परक्याशी होतं तितकंच घरातलंही होतं.

अशा काळात, सुमारे १४१२ मध्ये, देशाच्या पूर्व सीमेवरच्या दोंरेमी या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी जोन जन्मली. तेराव्या वर्षी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, वडिलांच्या बागेत आपल्याला पहिल्यांदा आवाज ऐकू आला, असं तिने पुढे न्यायालयात सांगितलं. तो आवाज संतांचा आणि देवदूताचा आहे असं ती मानत होती. युवराजाकडे जा, असं तो सांगत होता. जवळच्या गढीवरच्या किल्लेदाराने तिला आधी हाकलून दिलं. ती पुन्हा गेली. शेवटी १४२९ च्या सुरुवातीला, पुरुषी वेश करून, शत्रूच्या मुलुखातून प्रवास करत ती शिनाँला युवराजापर्यंत पोहोचली. युवराजाने पंडितांकडून तिची कसून परीक्षा घेतली आणि मग तिला ओर्लेआँकडे जाणाऱ्या फौजेसोबत पाठवलं.

ओर्लेआँला इंग्रजांचा वेढा १४२८ च्या ऑक्टोबरपासून पडला होता. जोन २९ एप्रिलला शहरात शिरली आणि ८ मे रोजी वेढा उठला. मधल्या लढाईत मान आणि खांद्याच्या मध्ये बाण लागूनही ती मैदानात परतली होती. १७ जुलैला रँस इथल्या कॅथीड्रलमध्ये युवराजाचा राज्याभिषेक झाला, तेव्हा निशाण घेऊन ती जवळ उभी होती. शिनाँला आल्यापासून पाच महिनेही झाले नव्हते. या मुलीने तलवार किती चालवली? न्यायालयात तिने सांगितलं की तलवारीपेक्षा निशाण आपल्याला चाळीसपट प्रिय होतं, आणि आपण एकाही माणसाला मारलेलं नाही.

नंतर नशीब फिरलं. पॅरिसवरचा हल्ला फसला. २३ मे १४३० रोजी काँपिएन्यजवळ ती बर्गंडीच्या सैनिकांच्या हाती सापडली आणि १०,००० लिव्र मोजून इंग्रजांनी तिला विकत घेतलं. जिने मुकुट मिळवून दिला तिला सोडवण्यासाठी त्या राजाने केलेल्या कुठल्याही ठोस प्रयत्नाची नोंद नाही.

आता इंग्रजांची अडचण पाहा. तिला नुसतं मारून भागत नव्हतं. ती देवाच्या आज्ञेने आली होती हा लोकांचा विश्वास मारायचा होता. ती पाखंडी ठरली, तर तिने घडवून आणलेला राज्याभिषेकही कलंकित ठरणार होता. म्हणून खटला धर्मन्यायालयात चालवायचा, आणि तोही कायद्याच्या चौकटीत बसवून. न्यायाधीश होता बोव्हेचा बिशप पिएर कोशाँ, इंग्रजांच्या पदरी असलेला फ्रेंच माणूस. खटला कसा निर्दोष चालला हे जगाला दाखवायचं असल्यामुळे त्याने प्रत्येक बैठकीची नोंद ठेवायला लावली. गियोम मांशाँ नावाचा मुख्य लेखनिक सकाळी फ्रेंचमध्ये टिपून घेई आणि जेवणानंतर आपल्या सहकाऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाही. पुढे त्याचं लॅटिनमध्ये भाषांतर झालं, पाच प्रती निघाल्या. त्यांतल्या तीन आजही शाबूत आहेत. म्हणजे ज्यांनी तिला जाळलं त्यांनीच तिचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचवले.

आणि काय शब्द आहेत ते! एका पंडिताने विचारलं, तुझ्यावर ईश्वराची कृपा आहे असं तू मानतेस का? हा सापळा होता. कृपेची खात्री कुणालाच असू शकत नाही, असं धर्मशास्त्र सांगत होतं. हो म्हणावं तर पाखंड, नाही म्हणावं तर गुन्ह्याची कबुली. जोन म्हणाली, नसेल तर देव मला तिच्यात घेवो, आणि असेल तर त्याने मला तिच्यातच ठेवावं. प्रश्न विचारणारे अवाक झाले, असं तिथे हजर असलेल्या एका लेखनिकाने पुढे सांगितलं. संत मार्गारेट इंग्रजीत बोलते का, असं विचारलं, तर ती इंग्रजांच्या बाजूची नसताना इंग्रजीत कशाला बोलेल, हा उलट सवाल. देव इंग्रजांचा द्वेष करतो का? त्यावर ती म्हणाली, देवाचं प्रेम की द्वेष ते मला ठाऊक नाही. पण इथे मरतील तेवढे वगळून बाकीचे इंग्रज फ्रान्समधून घालवले जातील, एवढं ठाऊक आहे.

मी कविता लिहिणारा माणूस आहे. शब्द कमावायला किती वर्षं लागतात हे थोडंफार जाणतो. म्हणून निरक्षर मुलीची ही नेमकी, कमी शब्दांतली उत्तरं वाचताना मी थक्क होतो. 'जबानी' हा आपल्या कोर्टातला शब्द फारसी 'जबान' म्हणजे जीभ यावरून आला. जोनजवळ त्या न्यायालयात तेवढी जीभच होती.

सुरुवातीला तिच्यावर ७० कलमं ठेवली गेली. ती छाटून १२ केली. लोक आजही म्हणतात की तिला चेटकीण म्हणून जाळलं. पण चेटकाचे आरोप या छाटणीत जवळजवळ गळून गेले होते. उरले ते मुख्यतः दोन आरोप. चर्चच्या अधिकाऱ्यांपेक्षा ती आपल्या आवाजांना मोठं मानते, आणि ती पुरुषी कपडे घालते. २४ मे रोजी दफनभूमीत, लोकांसमोर, चितेची भीती घालून तिच्याकडून माघारीच्या कागदावर सही घेतली. चारच दिवसांनी ती पुन्हा पुरुषी वेशात दिसली. आवाज काय म्हणाले, असं विचारल्यावर तिने सांगितलं की जीव वाचवायला मी माघार घेतली हे वाईट झालं, असं ते म्हणाले. या उत्तराशेजारी समासात लेखनिकाने लॅटिनमध्ये दोन शब्द लिहिले आहेत. अर्थ आहे, प्राणघातक उत्तर. ३० मे १४३१ रोजी रुआँच्या जुन्या बाजारात तिला जाळलं आणि राख सेन नदीत टाकली.

ड्रायरने हा सगळा खटला एका दिवसात घडतो आहे असं दाखवलं. काँक्रीटचा प्रचंड किल्ला उभारला, पण पडद्यावर तो फारसा दाखवलाच नाही. दाखवले ते चेहरे. नटांना रंगभूषा नाही; सुरकुत्या, चामखिळी, घाम, सगळं उघडं. जोन झालेली रने फाल्कोनेत्ती ही रंगभूमीवरची नटी. कॅमेऱ्यापुढे तिचे केस खरोखर कापले गेले. ज्या मुलीचं सर्वस्व तिच्या आवाजांत होतं, तिच्यावरचा हा चित्रपट मुका आहे, आणि तरी तिचा प्रत्येक शब्द ऐकल्यासारखा वाटतो. या चित्रपटाच्या वाट्यालाही आगच आली. मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी बर्लिनमध्ये जळाली. मूळ आवृत्ती हरवली असं सगळे धरून चालले असताना १९८१ मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात तिची प्रत सापडली.

एवढं मानूनही मला एक तक्रार नोंदवायची आहे. फाल्कोनेत्तीची जोन फार रडते. रोजनाम्यातली जोन रडत बसत नाही. ती टोकते, हे तर मी आधीच सांगितलंय म्हणते, या प्रश्नाचा खटल्याशी संबंध नाही म्हणते. ही जोन पाहायची असेल तर रोबेर ब्रेसाँचा १९६२ चा चित्रपट पाहावा. जेमतेम तासाभराचा, कोरडा, प्रश्नामागून उत्तर असा. छळ सोसणाऱ्या बाईचे अश्रू आपल्याला लवकर समजतात. तिची हुशारी मान्य करायला आपण वेळ लावतो. न्यायालयाचाही राग तिच्या अश्रूंवर नव्हता, उत्तरांवर होता.

अर्थात रोजनामाही डोळे मिटून वाचायचा कागद नाही. पुढे फ्रेंचांनी रुआँ जिंकलं आणि जोनची म्हातारी आई इझाबेल न्याय मागायला उभी राहिली. १४५५ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाममध्ये तिचा अर्ज वाचला गेला. शंभराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. माघारीचा कागद सहा-सात ओळींचा होता आणि रोजनाम्यात मात्र भलताच लांब मजकूर घातला, असं त्यातून बाहेर आलं. ७ जुलै १४५६ रोजी पहिला निकाल रद्द ठरला. हा दुसरा निकालही राजाच्या सोयीचा होताच. पाखंडी बाईकडून मुकुट मिळाल्याचा डाग त्यालाही पुसायचा होता. पूर्वी तिच्याविरुद्ध मत देणाऱ्या काहींना आता नेमकं काही आठवत नव्हतं. चर्चने १९२० मध्ये तिला संतपद दिलं.

अरबीत 'शाहिद' म्हणजे साक्षीदार आणि 'शहीद' म्हणजे सत्यासाठी जीव देणारा. दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले. ग्रीक भाषेतही हुतात्म्यासाठीच्या शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार असाच आहे. जोन दोन्ही अर्थांनी तशी होती. पण साक्ष टिकायला ती लिहून घेणाराही लागतो. मांशाँ त्या न्यायालयाचा पगारी माणूस होता. अमुक शब्द बदल, तमुक गाळ, असा दबाव आपल्यावर आला, असं त्याने फेरतपासात सांगितलं. जोनला जाळल्यावर आपण महिनाभर सावरलो नाही, असंही सांगितलं. खटल्याच्या कामाचे जे पैसे मिळाले, त्यातल्या काहींचं त्याने एक लहानसं प्रार्थनापुस्तक विकत घेतलं होतं, तिच्यासाठी प्रार्थना करता यावी म्हणून.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)