हातचा क्यू आणि कारखानी क्यू

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण लहानपणींच आपल्या कानांवर पडते; त्यामुळें खेळापेक्षां खेळाच्या साधनांविषयीं अधिक बोलणारा मनुष्य आपणांस थोडा संशयास्पद वाटतो. आम्हांसही तसेंच वाटत असे. परंतु गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांनीं आमच्यापुढें एक प्रश्न ठेवला. त्यांचे चिरंजीव जिमखान्यांत पूल खेळतात. पूल म्हणजे सहा भोकांच्या टेबलावर चेंडू भोकांत घालण्याचा, अमेरिकेंत वाढलेला बिलियर्डचा प्रकार. ह्या चिरंजीवांना अमेरिकेंतील एका कारागिराकडून स्वतःच्या मापाचा क्यू, म्हणजे चेंडूला टोला देण्याची काठी, करवून घ्यावयाची होती. किंमत वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पेन्शनीएवढी. “तयार क्यू ह्याच्या दशांश पैशांत मिळतो, मग उरलेल्या नऊ अंशांत नक्की काय मिळतें?” असें त्यांनीं विचारलें. उत्तर शोधतां शोधतां आम्ही दोनशें वर्षांच्या इतिहासांत शिरलों.

प्रारंभीं क्यू नव्हताच. जुने युरोपीय खेळाडू जाड डोक्याच्या दांड्यानें चेंडू ढकलीत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला म्हणजे तें डोकें आड येई; तेव्हां ते दांडा उलटा धरून शेपटाकडून टोला देत. शेपटीला फ्रेंच भाषेंत जो शब्द आहे, त्यावरूनच ‘क्यू’ हें नांव आलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मँगो नांवाच्या एका फ्रेंच कप्तानानें टोंकाला कातड्याची टिकली बसविली, असें मानतात. तिच्यामुळें चेंडूला मध्याच्या बाजूस टोला देऊन हवी तशी फिरकी देतां येऊं लागली. एवढ्याशा कातड्यानें ढकलण्याच्या दांड्याचें वाद्यासारखें नाजूक साधन केलें.

पुढें कारखाना आला. स्वित्झर्लंडहून अमेरिकेंत आलेल्या जॉन ब्रन्सविकनें १८४५ सालीं सिन्सिनाटी येथें धंदा सुरू केला, आणि त्याची कंपनी वाढत वाढत देशभरच्या खेळघरांना टेबलें व क्यू पुरवूं लागली. भिंतीवर ओळीनें टांगलेले हे अखंड क्यू कोणीही घ्यावे, कोणीही ठेवावे. त्यांतला ‘टायटलिस्ट’ नांवाचा क्यू विशेष चांगला. त्याच्या मुठीचें जड लांकूड चार निमुळत्या सुळक्यांनीं पुढच्या मेपलच्या लांकडांत इतकें घट्ट बसविलेलें असे कीं, तो जोड पिढ्यान्‌पिढ्या सुटत नसे.

येथेंच आमच्या समजुतीला पहिला धक्का बसला. हातच्या कामाचा कारागीर म्हणजे कारखान्याचा वैरी, अशी आमची कल्पना होती. परंतु शिकागोचा हर्मन रॅम्बो, ज्यानें विख्यात खेळाडू विली हॉपे ह्याच्यासाठीं क्यू केले, तो ब्रन्सविकच्याच कारखान्यांत तयार झालेला मनुष्य. आणि ह्या कलेंतलें सर्वांत मोठें नांव जें जॉर्ज बालाबुश्का, त्याची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे.

बालाबुश्का १९१२ सालीं रशियांत जन्मला व १९२४ सालीं आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला. धंद्यानें तो सुतार. १९५९ च्या सुमारास त्यानें कांहीं क्यू करून मित्रांना नाताळची भेट म्हणून दिले. त्या भेटींतून मागण्या आल्या, मागण्यांतून धंदा उभा राहिला. १९७५ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या हातून हजार-बाराशें क्यू बाहेर पडले होते. त्याला क्यूंच्या जगांतला स्ट्रॅडिव्हेरियस म्हणतात. परंतु त्याच्या आरंभींच्या क्यूंचा गाभा कोणता? तोच कारखानी टायटलिस्ट! तो कापावा, मध्यें सांधा बसवावा, लेथवर पुन्हा उतरवावा, मुठीवर तागाचा दोरा गुंडाळावा, असें त्याचें काम होतें. पुढें त्यानें बर्टन स्पेन व गस झांबोटी ह्या कारागिरांकडून सुळक्यांचे जोड घेतले. म्हणजे तेव्हांही गाभा दुसऱ्याचाच. मग त्याचें स्वतःचें काय? सांध्याची अचूकता, वजनाचा तोल, आणि पुढच्या दांड्याचें लांकूड निवडण्याची व घाई न करतां तें मुरूं देण्याची शिस्त. हें थोडें आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ओल्या वा अधीर हातानें उतरविलेला दांडा वर्षभरांत वांकतो. आमच्या पावसाळ्यांत तर लौकरच.

दुसरा धक्का सिनेमानें दिला. १९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ ह्या चित्रपटांत पॉल न्यूमन टॉम क्रूझला ‘बालाबुश्का’ देतो, आणि तें नांव जगभर झालें. परंतु पडद्यावर दिसणारा तो क्यू बालाबुश्काचा नव्हताच. त्याच्या धर्तीवर केलेला जॉस कंपनीचा होता. लाखों प्रेक्षकांनीं तोच अस्सल मानला, आणि अस्सलाचा भाव वाढला. ह्यावरून नांवाची किंमत व काठीची किंमत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें उघड होतें.

मग खेळण्यांतला फरक कोठें? ह्याचें उत्तर एका यंत्रानें दिलें. १९९४ सालीं स्थापन झालेल्या प्रेडेटर कंपनीनें ‘आयर्न विली’ नांवाच्या लोखंडी हाताकडून टोले देववून त्यांचीं जलद छायाचित्रें घेतलीं. चेंडूला बाजूनें टोला दिला म्हणजे तो नेमाच्या रेषेपासून किंचित् उलट दिशेस सरकतो. हें सरकणें मुख्यतः दांड्याच्या अगदीं पुढच्या कांहीं इंचांच्या वजनावर अवलंबून असतें. मुठीचें शिसवी लांकूड, सांध्याचें पोलाद, शिंपल्याचें जडावकाम ह्यांचा त्याशीं फारसा संबंध नाहीं. टिकली चेंडूला सेकंदाचा सुमारें हजारावा भाग स्पर्श करते; हाताला जो ‘ठेका’ जाणवतो, तो चेंडू निघून गेल्यावर. म्हणून कंपनीनें दहा लांकडी पाचरी एकत्र चिकटवून, टोंकाशीं पोकळ असा हलका दांडा केला. अलीकडे कार्बनच्या तंतूंचे दांडे निघाले आहेत. ते वांकत नाहींत. ह्या बाबतींत आज कारखाना कारागिराच्या पुढें आहे, असें आम्हांस प्रांजळपणें वाटतें.

तथापि तो ठेका निव्वळ भ्रम म्हणून टाकून देणेंही योग्य नाहीं. पुढच्या टोल्याचा जोर हात मागच्या ठेक्यावरूनच शिकतो. शिवाय फार उंच किंवा फार ठेंगण्या माणसाला, लहान पंजाच्या बाईला, तयार मापाचा क्यू कायमचा अडचणीचा होतो. त्यांच्यासाठीं करवून घेतलेल्या क्यूचा पैसा चैनीचा नव्हे. बाकीच्यांनीं मिरजेच्या तंबोऱ्याचा विचार करावा. भोपळ्यावर हस्तिदंती वेलबुट्टी कितीही असो, जवारी नीट लागली नसेल तर तो बोलत नाहीं. क्यूची जवारी म्हणजे ती कातड्याची टिकली; तिला खर्च थोडा, आणि बहुतेक खेळाडू तिच्याकडेच दुर्लक्ष करतात!

पैशाची गुंतवणूक म्हणून क्यू घेणाऱ्यांविषयीं एकच शब्द. नामांकित मृत कारागिरांचे क्यू हजारों डॉलरांना जातात हें खरें. पण त्याबरोबर बनावट मालही चालतो, आणि जुन्या क्यूंवरील हस्तिदंतामुळें, अमेरिकेंत २०१६ च्या कडक निर्बंधांनंतर, त्यांची विक्री किचकट झाली आहे. जिवंत कारागिराचा क्यू तेवढा भाव धरील कीं नाहीं, हें त्याच्या मरणानंतर ठरतें. पेन्शनरानें ह्या बाजारांत पडूं नये.

हें सर्व आम्हीं स्नेह्यांना लिहून कळविलें. चिरंजीव मध्यम उंचीचे आहेत. त्यांनीं साधा कारखानी क्यू घेतला, वर हलका दांडा निराळा घेतला, आणि एका जाणत्या माणसाकडून टिकली बदलून घेतली. त्या अमेरिकन कारागिराकडे मात्र त्यांनीं आपलें नांव नोंदवून ठेवलें आहे, असें परवां वडिलांनीं हंसत सांगितलें; त्याची यादी चार वर्षांची आहे.