माळवद : मराठवाड्यातील छताचा इतिहास

उष्ण प्रदेशातील घराचा इतिहास भिंतींपेक्षा छतात अधिक स्पष्टपणे वाचता येतो. औरंगपुऱ्यातील दाट वस्तीत आज सिमेंटच्या स्लॅबची घरे आहेत आणि वैशाखात त्यांच्या वरच्या मजल्यावरील खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या या नगराच्या परिसरात पूर्वी उन्हाचे निवारण कसे होत असे, आणि तो उपाय मागे का पडला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कोकणात पावसासाठी उतरते छप्पर अपरिहार्य होते. त्याखालचा माळा, म्हणजे बंदिस्त हवेचा थर, कौलांची उष्णता काही अंशी खोलीपासून दूर ठेवी. मराठवाड्यात पाऊस बेताचा. तेथे सपाट मातीचे छत शक्य झाले. त्यालाच माळवद किंवा धाबे म्हणतात. तुळयांवर सर, सरांवर फळ्या अथवा कामट्या, त्यांवर पाला आणि शेवटी दाबून बसविलेली माती, अशी त्याची रचना असे. जाड मातीत उष्णता सावकाश उतरते. दुपारचे ऊन खोलीत जाणवू लागेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते, आणि तोवर घरची मंडळी माळवदावर निजावयास गेलेली असतात.

ही माती कोणती, हे भाषाच सांगते. गावच्या जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मानले जात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. म्हणून ती छतास निरुपयोगी. शतकानुशतकांच्या वस्तीतून साचलेली, राखमिश्रित पांढरी माती मात्र छतावर टिकून राही. पुरातत्त्वाचे अभ्यासक ज्याला 'पांढरीचे टेकाड' म्हणतात, त्यातूनच लोक माती खणून नेत. एका पिढीचे छत अशा रीतीने पूर्वीच्या पिढ्यांच्या घरांपासून तयार होई.

परंतु या उपायातच दोष दडलेला होता. गळती थांबविण्यासाठी वरचेवर नवी माती घातली जाई, जुनी मात्र क्वचितच उतरविली जाई. फूटभर जाडीच्या थराचे वजनही दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास भरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि हे ओझे निजलेल्या माणसांवर आले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ज्या जाडीने उन्हापासून रक्षण केले, तीच घातक ठरली.

यानंतर माळवदाविषयी भीती निर्माण झाली, हे स्वाभाविकच होय. तथापि माळवदाबरोबर त्यातील ज्ञानही त्याज्य ठरविणे इतिहासास धरून होणार नाही. भूकंपात घात झाला तो वजनाचा व दुबळ्या भिंतींचा. उष्णता अडविण्याच्या तत्त्वाचा नव्हे. तेच तत्त्व हलक्या साधनांनीही पाळता येते. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा हात दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते, आणि वर सावलीचे हलके छप्पर घातल्यास मधली हवा माळ्याचेच काम करते. माळवद गेले, त्याने सोडविलेला प्रश्न मात्र दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो.