न निघालेली जाहिरात

ओझरला आमच्याकडे अजूनही ‘ओझरमिग’ म्हणतात. 1964 मध्ये इथे मिग विमानांच्या कारखान्याची सुरुवात झाली आणि गावाच्या नावाला विमानाचं नाव चिकटलं. मिग-21, मिग-27, मग सुखोई-30. 17 ऑक्टोबर 2025 रोजी इथेच बनलेलं तेजस मार्क-1ए इथल्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडालं.

विमानं मोजणं सोपं. या साठ वर्षांत माणसाचं काम किती बदललं, हे मोजायला गेलं की पंचाईत होते. एआय किती नोकऱ्या खाणार, याचे आकडे सध्या जो तो छातीठोकपणे सांगतोय, म्हणून मी जरा मागे जाऊन पाहिलं.

टर्नरचंच घ्या. लेथचं चाक हाताने फिरवत, मायक्रोमीटर लावत तो माप साधायचा. सीएनसी आल्यावर तो प्रोग्रॅम भरून यंत्रावर नजर ठेवू लागला. हजेरीपटावर मात्र टर्नर तो टर्नरच. देशातल्या व्यवसायांचं सरकारी वर्गीकरण 1958, 1968, 2004 आणि 2015 साली झालं. मधली छत्तीस वर्षं बघा! संगणक आणि सीएनसी त्याच फटीत आले आणि रुळलेसुद्धा.

भांडण जुनंच आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हटल्यावर कर्मचारी संघटना पेटून उठल्या. पुढे केंद्र सरकारने ऑटोमेशनवर समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर, म्हणजे नीलकंठ रथांसोबत देशाची गरिबी मोजणारे. अहवाल 1972 चा. संघटनांची भीती नुसत्या कपातीची नव्हती, उद्याची भरती आटेल ही होती. मला वाटतं, त्यांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं. काढलेला माणूस दिसतो, न निघालेली जाहिरात कुठेच नोंदली जात नाही.

शिवाय जाहिरात न निघायला कारणंही अनेक. विमानांची ऑर्डर संपते, काम कंत्राटदाराकडे जातं, यंत्र येतं. आता एआय.

आयटीआय झालेला दिंडोरीचा एखादा पोरगा दोन वर्षं भरतीची वाट बघतो, मग घरच्या द्राक्षबागेत फवारणीला लागतो. सर्वेक्षणवाला विचारतो, गेल्या आठवड्यात काम केलं का? केलं. मग तो बेरोजगारांत धरला जात नाही, शेतीत रोजगार असलेला ठरतो.