पिकल्या पानाचा इतिहास

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना पिवळा टँग मासा नक्की माहीत असतो. लिंबासारखा पिवळा, चपटा, शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा. हवाईतले लोक त्याला ‘लाउईपाला’ म्हणतात, म्हणजे एका झुडपाचं पिकून पिवळं झालेलं पान. किती नेमकं नाव!

पण ही काचेच्या टाक्यांची हौस आली कुठून? इंग्लंडातून. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अक्वेरियम’ आलं आणि लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर धावले. खडकांमधली सुंदर डबकी ओरबाडली गेली. गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, १९०७ च्या ‘फादर अँड सन’मध्ये त्याची हळहळ लिहून ठेवली आहे.

१९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात सोपा उपाय मांडला. समुद्रातले जिवंत खडक ठेवा, हवा सोडा. खडकांतले सूक्ष्मजीव पाणी राखतात. टँगला मात्र याहून जास्त लागतं. हा दिवसभर शेवाळ खुडत भटकणारा प्राणी. लहान टाकीत, नुसत्या तयार खाद्यावर तो खंगतो, आणि मग अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उठतो. म्हणून लांबलचक टाकी, खेळतं पाणी, रोज समुद्री शेवाळ, आणि नवा मासा आधी काही आठवडे वेगळा. समुद्रात टँग चाळीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. आपल्या टाकीत किती जगतो, हे ज्याचं त्याने मोजावं.

इंग्लंडच्या डबक्यांची गोष्ट पुढे हवाईतही घडू लागली. पश्चिम हवाईच्या किनाऱ्यावर टँग इतके पकडले जाऊ लागले की १९९८ मध्ये कायदा करावा लागला. त्यानुसार किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग हौशी माशांच्या पकडीला बंद झाला, आणि तिथे टँग पुन्हा वाढले! २०१५ मध्ये हवाईच्याच ओशनिक इन्स्टिट्यूटने टाकीत जन्मलेली पिल्लं पहिल्यांदा वाढवून दाखवली. २०१७ च्या न्यायालयाच्या निकालामुळे पश्चिम हवाईतली व्यावसायिक पकड थांबली.

एवढा इतिहास वाचल्यावर मला वाटतं, टँगची काळजी पाणी तपासण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. दुकानात माझा पहिला प्रश्न ठरलेला: हा समुद्रातला की पैदाशीचा? दुकानदार वैतागतो. वैतागू दे!