थ्री-नॉट-थ्रीची बदललेली नळी

साताऱ्यात बी.ए.ला असताना मी एनसीसीत होतो. कविता करणाऱ्या पोराने परेड करावी, याचे मित्रांना हसू यायचे. पण परेडनंतर नाश्ता मिळायचा, हेही एक कारण होतेच. वर्षातून एकदा फायरिंग असे. जमिनीवर पालथे पडायचे, दस्ता खांद्याला घट्ट लावायचा आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या. रायफल उचलताना हात भरून यायचा, आणि काडतूस पाहावे तर पेन्सिलीच्या जाडीचे! एवढ्या जड हत्याराला एवढीशी गोळी का, असे मी आमच्या उस्तादांना विचारले. फौजेतून आलेल्या शिक्षक-हवालदारांना एनसीसीत उस्ताद म्हणतात. ते म्हणाले, "आरं, ही मूळची थ्री-नॉट-थ्री. तुमच्यासारख्यांच्या हातात द्यायला नळी बदलून टू-टू केलीय तिची."

'तुमच्यासारख्यांच्या हातात' हे शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

थ्री-नॉट-थ्री म्हणजे नळीचे छिद्र इंचाच्या एक हजार भागांपैकी तीनशे तीन भाग. ही ली-एनफिल्ड रायफल १९०७ च्या नमुन्यानुसार बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही बनू लागली. तिची टू-टू करताना बारीक छिद्राची नळी बसवतात. बोल्टचे पुढचे टोकही बदलावे लागते, कारण या छोट्या काडतुसाला ठोका मधोमध नाही, कडेला द्यावा लागतो. मॅगझिनची पेटी जागेवर असते, पण तिच्यात गोळ्या भरायच्या नाहीत. गोळी एकेक हाताने घालायची, आणि रिकाम्या पुंगळ्या त्या पेटीत पडतात. शिकाऊ पोराला धक्का कमी बसतो आणि सरकारला दारूगोळा स्वस्त पडतो.

पण नळी बदलण्यामागे नेहमीच अशी काटकसर नव्हती. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि 'बंदूक' अरबीतून. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक गोल, कठीण कवचाचे फळ. फळाच्या नावाचे हत्यार झाले! १८५७ साली एनफिल्डच्याच, पण तोंडाकडून ठासायच्या जुन्या बंदुकीच्या काडतुसाने पंडित आणि मौलवी दोघांना एकाच शंकेत टाकले. त्या वर्षी ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी वेगळी बंदूक काढली. बाहेरून ती एनफिल्डच दिसे, आत मात्र पिळाच्या खाचा नव्हत्या, नळी गुळगुळीत होती. खाचांमुळे गोळीला गिरकी मिळते आणि ती लांबवर सरळ जाते. गुळगुळीत नळीची गोळी भरकटते. शिपाई हवा होता, त्याचा नेम नको होता.

पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे सेहेचाळीस जवान कामी आले. सरकारला परदेशात लढायला माणूस हवा होता, तेव्हा हिंदी पलटणींच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी मात्र त्याच रायफलीची 'फोर-टेन मस्केट' झाली. नळी आतून कोरून रुंद आणि गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. एका वेळी एकच गोळी. काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्याच पुंगळीचे, फक्त तिची मान आवळलेली नसे. त्यामुळे बंदूक चोरीला गेली तरी तिच्यात लष्कराचे काडतूस चालत नसे. पहारेकऱ्यावरही पूर्ण भरवसा नव्हता, असाच याचा अर्थ मी लावतो.

ही भीती अगदीच खोटी नव्हती. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन तटावरून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गेले. दादांनाही गोळी लागली. त्याआधी सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला परशुराम घार्गे आणि इस्लामपूरला उमाशंकर पंड्या पोलिसांच्या गोळीबारात पडले होते. जवळून झाडलेली गोळी नळी गुळगुळीत की पिळाची हे पाहत नाही.

त्याच बेचाळीसच्या सातारा जिल्ह्यात यशवंतराव चव्हाण भूमिगत होते. (सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. यशवंतरावांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे.) ज्या माणसाला सरकारी बंदूक शोधत होती, तोच नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाला. चीनच्या युद्धात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊनच बर्फात उभे होते. गोळीगणिक बोल्ट मागेपुढे करायचा, आणि समोर स्वयंचलित हत्यारे. नवी एसएलआर पुरेशी तयार होत नव्हती. मग साठच्या दशकात ईशापूरने जुन्याच घाटाची, पण एसएलआरचे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस घेणारी 'टू-ए' रायफल काढली. ही नुसती नळीची अदलाबदल नव्हती. नव्या काडतुसाचा दाब जास्त म्हणून पोलाद अधिक मजबूत वापरले. जुन्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड होती, नव्याला तशी नाही, म्हणून पुंगळी ओढणारी आकडी आणि मॅगझिनची पेटीही बदलली. यापूर्वी आपल्या माणसाच्या हातातली बंदूक अनेकदा नव्या काडतुसासाठी दुबळी केली गेली. या वेळी ती बळकट करण्यासाठी बदलली. यशवंतरावांवर खूप लिहिले गेले आहे, त्यात या रायफलीला मात्र फारशी जागा मिळालेली नाही.

नागरिकांच्या वाट्याला तिसरेच काडतूस आले. लष्करी बोअर त्यांना बंद, म्हणून परवानाधारकासाठी सरकारी कारखान्यांची .३१५ रायफल. तिचा बोल्ट त्याच घराण्यातला, काडतूस वेगळे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी थ्री-नॉट-थ्रीला समारंभाने निरोप दिला.

त्या दिवशी फायरिंग संपल्यावर मी रायफलीला तेल लावत होतो. दस्त्याच्या सांध्याजवळ मुकुट होता आणि खाली 'जी. आर.' अशी इंग्रजी अक्षरे. वर्ष झिजून गेले होते. उस्ताद कागद घेऊन आले. पाचपैकी दोन गोळ्या लागल्या होत्या.

"कवीच्या मानानं बरं हाय," ते म्हणाले आणि पुंगळ्या मोजायला बसले. एक कमी भरत होती.